प्रथमग्रासे मक्षिकापातः

पुणे शहरात मत नसलेला मनुष्य सापडणे दुर्घट आहे, ही गोष्ट आता इतकी सर्वमान्य झाली आहे की तिच्याविषयी खुद्द पुण्यातही दुमत आढळत नाही. परंतु मताच्या जोडीला त्या विषयातला अधिकारही अंगी असलेली माणसे जितक्या दाटीने आमच्या विश्रांतवाडीत राहतात, तितक्या दाटीने ती सदाशिव पेठेतदेखील राहत नसतील, असे मी पूर्ण विचारांती लिहीत आहे. याची कारणे भौगोलिक आहेत. मुकुंदराव आंबेडकर चौकातून आळंदीच्या रस्त्याने निघावे, तो दिघीच्या वाटेवर संरक्षण खात्याची ती संशोधन संस्था लागते, जिने लष्करासाठी ‘सर्वत्र’ नावाचा वाहनावरून नेता येणारा पूल सिद्ध केला. नदीपलीकडे खडकीस बॉम्बे सॅपर्सचे ठाणे आणि दापोडीस लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालय. पूर्वेस लोहगावचा हवाई तळ. आणि येरवडा ओलांडून गेले की कल्याणीनगरापासून खराडीपर्यंत संगणक-कंपन्यांच्या काचेच्या इमारती. या सर्व ठिकाणांहून निवृत्त झालेली, होऊ घातलेली आणि अद्याप उमेदवारी करीत असलेली मंडळी मुक्कामाला आमच्याकडे येतात. त्यामुळे आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या जिन्यात उभे राहून ‘यंत्र बिघडले’ एवढे दोनच शब्द जरा मोठ्याने उच्चारले, तर तळमजल्यापासून चौथ्या मजल्यापर्यंतचे दरवाजे उघडतात, आणि प्रत्येक दरवाज्यातून एकेक तज्ज्ञ पायात चपला सरकवीत बाहेर पडतो. या सामुदायिक तज्ज्ञतेचा लाभ घेण्याचा प्रसंग यंदाच्या पावसाळ्यात माझ्यावर आला.

मी या संस्थेचा चिटणीस आहे. संस्थेचे यच्चयावत दप्तर, म्हणजे सभांची इतिवृत्ते, देखभालखर्चाचा जमाखर्च, थकबाकीदारांची यादी आणि वाहनतळावरील एका खांबाच्या मालकीविषयीचा तो प्रदीर्घ पत्रव्यवहार, हे सारे एका लॅपटॉपात वास्तव्य करून असते. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत भरविली पाहिजे असा सहकार कायद्याचा दंडक आहे, आणि तिची नोटीस पुरते चौदा दिवस आधी सभासदांच्या हाती पडली पाहिजे असा उपविधींचा. लॅपटॉपास या दोन्ही तरतुदींची पक्की माहिती असावी, असा माझा तर्क आहे. कारण वर्षाचे दहा महिने निमूटपणे चालणाऱ्या त्या यंत्राने नेमका नोटिशीचा मसुदा सिद्ध करावयाच्या सुमारास असहकार पुकारला.

हा असहकारही विलक्षण सभ्य स्वरूपाचा होता. कळ दाबली की दिवा लागे, पंखा घरघरू लागे, बनविणाऱ्या कंपनीचे बोधचिन्ह दिमाखाने उमटे, त्याखाली पांढऱ्या ठिपक्यांचे एक चक्र फिरू लागे, आणि आता आपले टेबल, आपल्या फायली, आपला संसार दृष्टीस पडणार अशी खात्री वाटावी तोच साऱ्या पडद्यावर निळा रंग पसरे. त्या निळाईवर विरामचिन्हांनी रेखाटलेला एक दुर्मुखलेला चेहरा, त्याखाली झाल्या प्रकाराबद्दल खेद, त्याखाली माहिती गोळा करण्याचे काम किती टक्के झाले याचा आकडा, आणि अगदी तळाशी, बारीक अक्षरांत, ‘मेमरी मॅनेजमेंट’ असा गुन्ह्याचा उल्लेख. आकडा शंभरावर पोहोचला की पडदा काळा होई आणि पुनश्च दिवा, पंखा, बोधचिन्ह, चक्र, निळाई. सरकारी पत्रव्यवहारात ‘आपले पत्र मिळाले, कार्यवाही चालू आहे’ या मजकुराने जी शांती लाभते, तीच शांती हा पडदा देतो. म्हणजे प्रश्न सुटत नाही, परंतु आपली दखल घेतली गेली आहे एवढे समाधान पदरात पडते. तो दुर्मुखलेला चेहरा २०१२ साली विंडोज ८ बरोबर अवतीर्ण झाला. १९९३ च्या विंडोज एनटीत असल्या प्रसंगी पडदाभर सोळा अंकांच्या पद्धतीतले आकडे नुसते ओतलेले असत, आणि ज्याला ते वाचता येत नसत त्याला निदान आपल्या अज्ञानाची तरी खात्री पटे.

हा प्रकार ध्यानात येण्यासाठी तालुक्याची कचेरी सकाळी कशी उघडते ते आठवावे. सर्वांआधी येतो तो शिपाई. त्याला कायदा ठाऊक नसतो, कोणत्याही कागदावर त्याची सही चालत नाही. तथापि कुलपाची किल्ली त्याच्याकडे असते, आणि टेबले, खुर्च्या, कपाटे जागच्या जागी आहेत की नाहीत याची पाहणी त्याच्यावाचून कोणी करीत नाही. लॅपटॉपात हे काम मुख्य फलकावरील एका चिपेत साठवून ठेवलेल्या छोट्याशा प्रोग्रॅमकडे असते. याला पूर्वी बायोस म्हणत, अलीकडे त्याच्या जागी युईएफआय आला आहे. प्रोसेसर आहे काय, मेमरी आहे काय, कळफलक आहे काय, डिस्क आहे काय, अशी हजेरी घेऊन तो किल्ल्यांचा जुडगा बूट लोडर नावाच्या कारकुनाच्या हवाली करतो. हा कारकून डिस्कवर निद्रिस्त असलेल्या कर्नलसाहेबांना उठवून मेमरीच्या खुर्चीत आणून बसवितो. हे कचेरीचे मामलेदार. मामलेदार स्थानापन्न झाले की ड्रायव्हर या नावाचे खातेनिहाय कारकून, कोणी पडद्याचा, कोणी ध्वनीचा, कोणी बिनतारी जाळ्याचा, आपापली दप्तरे काखोटीस मारून रुजू होतात, आणि सगळे स्थिरस्थावर झाल्यावर मग दरवाजा उघडून आपल्यासारख्या अर्जदाराकडे संकेतशब्दाची पृच्छा होते.

आता यातला एखादा कागद खोटा निघाला, एखाद्या कारकुनाने दुसऱ्याच्या कपाटात हात घातला, अथवा मेमरीत ठेवलेला आकडा परत मागितला असता निराळाच आकडा हाती आला, तर मामलेदारांपुढे दोन मार्ग राहतात. काही झालेच नाही असे भासवून कारभार पुढे रेटणे हा एक. यात खोट्या आकड्यांवरून खऱ्या दप्तरात नोंदी होतात आणि वर्षानुवर्षे निस्तराव्या लागतात. दुसरा मार्ग असा की त्याच क्षणी कामकाज तहकूब करावे, सर्वांस बाहेर काढावे, पंचनामा लिहावा आणि दार लावून घ्यावे. कर्नलसाहेब नेहमी दुसरा मार्ग पत्करतात. निळा पडदा म्हणजे त्यांनी दाराबाहेर डकविलेला तो तहकुबीचा हुकूम होय, आणि आपण त्या हुकुमास शिव्या देतो. वस्तुतः आपले दप्तर वाचावे म्हणूनच तो काढलेला असतो.

यावरून चतुर वाचकाच्या लक्षात येईल की यंत्र कोणत्या पायरीवर अडले ते नीट पाहिले तर जबानी कोणाची घ्यावयाची हे निम्मे ठरून जाते. दिवाच लागला नाही तर विजेची. दिवा लागून बोधचिन्ह उमटले नाही तर मेमरीची अथवा फलकाची. बोधचिन्हानंतर अडले तर डिस्क, ड्रायव्हर आणि पुन्हा मेमरी यांची. इतकी सुबोध वाट उपलब्ध असता आमच्या संस्थेत तपास कसा झाला, ते आता सांगतो.

प्रथम आले ते तिसऱ्या मजल्यावरचे सुभेदारसाहेब. सॅपर्समध्ये हयात घालविल्यामुळे अडथळा दिसला की त्यांना तरतरी येते. त्यांनी यंत्राकडे एकवार पाहिले आणि ‘चिटणीस, आधी अंगावरचं सगळं सामान उतरवा,’ असा हुकूम सोडला. क्षणभर मला तो स्वतःविषयी वाटला. परंतु त्यांचा रोख माऊस, प्रिंटर व पेनड्राइव्ह यांच्याकडे होता. तद्नंतर त्यांनी चार्जरची तार काढावयास लावली आणि कळ दाबून धरून तीसपर्यंत अंक मोजले, तेही अशा खणखणीत आवाजात की खालच्या मजल्यावर कोणी तरी सावधान उभे राहिले असावे. हा उपाय शास्त्रशुद्ध आहे. फलकावर साचून राहिलेला विद्युद्भार त्यामुळे उतरतो, आणि बाहेरून जोडलेली एखादी वस्तू अडथळा करीत असेल तर तीही उघडी पडते. मात्र याचा परिणाम पाहावयास जेवढा अवकाश लागला असता तेवढा त्यांना मिळाला नाही; कारण तोवर दुसऱ्या मजल्यावरच्या काकू दाखल झाल्या होत्या.

काकूंनी यंत्राच्या पाठीवर हात ठेवला, ताप पाहिला आणि ‘भावजी, उशीवर ठेवून बघता ना रात्रीचे?’ असा प्रश्न केला. उत्तराची वाट न पाहता त्यांनी लॅपटॉप उचलून पंख्याखाली उभा केला आणि गेल्या दसऱ्याला त्याची पूजा करताना हळदकुंकू कोठे व किती वाहिले होते याची उलटतपासणी आरंभिली. काकूंचे बोलणे हसण्यावारी नेण्याजोगे नव्हते. उशी-गादीवर ठेवलेल्या लॅपटॉपाची खालची जाळी बुजते, उष्णता आत कोंडते, आणि तापलेला प्रोसेसर आधी मंदावतो व मग स्वसंरक्षणार्थ बंद पडतो. विश्रांतवाडीत उड्डाणपुलाची आणि रस्त्यांची कामे चालू असल्यापासून आमच्या घरात जी धूळ येते ती त्या जाळीतही जातेच.

इतक्यात समोरच्या सदनिकेतले चिरंजीव खराडीहून परतले. हे एका बड्या कंपनीत क्लाउडचे काम पाहतात, म्हणजे ज्या यंत्रांची निगा राखण्याबद्दल त्यांना पगार मिळतो ती यंत्रे कोणत्या खंडात आहेत हे त्यांना ठाऊक नसते. त्यांनी पाठीवरची पिशवी न उतरविताच, ‘काका, सरळ फॉरमॅट मारून टाका,’ असा निर्णय दिला. या सल्ल्याची खुबी अशी की तो कधीच वाया जात नाही. दप्तरासकट कचेरी जाळून टाकली म्हणजे प्रलंबित प्रकरण शिल्लकच राहत नाही! मी नोटिशीची अडचण निवेदन केल्यावर त्यांनी सौम्य उपचार म्हणून सेफ मोडची शिफारस केली. सेफ मोड म्हणजे निवडक, अत्यावश्यक कारकुनांनिशी कचेरी उघडणे. जुन्या काळी यासाठी एफ ८ ही कळ पुरत असे, आता मात्र सुरू होणारे यंत्र लागोपाठ काही वेळा मध्येच बंद पाडावे लागते, तेव्हा कोठे ते दुरुस्तीचा फलक दाखविते. चिरंजीव हे समजावून सांगत असता लोहगावहून एक सुखोई डोक्यावरून गेले. अशा वेळी विश्रांतवाडीत जो जेथे असेल तो तेथे, तोंड उघडे असल्यास उघड्या तोंडानिशी, स्तब्ध होतो आणि आवाज विरला की ज्या अक्षरावर थांबला त्याच अक्षरापासून पुढे बोलू लागतो. परक्या गावच्या पाहुण्यास हा प्रकार मूर्च्छेचा वाटतो. विमान गेले, चिरंजीवांनी वाक्य पुरे केले, आणि त्या अवधीत सुभेदारसाहेबांनी चार्जर परत लावून कळ दाबली होती.

या गर्दीत एकच गृहस्थ शांत होते. जिल्हाधिकारी कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले हे पहिल्या मजल्यावरचे नाना, यंत्राकडे न पाहता माझ्याकडे पाहत म्हणाले, ‘चिटणीससाहेब, हे सगळं लिहून कोण घेतंय?’ आणि कोणीच लिहून घेत नाही असे कळताच त्यांनी घरी जाऊन एक फुलस्केप वही आणली, पट्टीने रेघा मारल्या, आणि ‘दिनांक’, ‘वेळ’, ‘केलेली कृती’, ‘परिणाम’ व ‘शेरा’ असे पाच रकाने आखले. मंडळींत थोडी हशाची लाट उसळली. परंतु साऱ्या संस्थेत बिघाड शोधण्याची विद्या जर कोणाला येत असेल तर ती नानांना, हे माझे मत मी येथे नमूद करून ठेवतो.

कारण या विद्येचे सूत्र इतकेच आहे की एका वेळी एकच बदल करावा, त्याचा परिणाम पाहावा, तो लिहावा आणि मगच दुसऱ्यास हात घालावा. ऐकावयास हे इतके सोपे वाटते की ते शिकविण्याची आवश्यकता कोणास भासत नाही, आणि आचरावयास इतके अवघड की ते पाळणारा मनुष्य शतकांत एखादाच निपजावा. मनुष्यस्वभाव एकावर थांबत नाही. ताप आला की काढा, गोळी, अंगारा आणि मीठ-मोहरी ही एकाच संध्याकाळी व्हावयास पाहिजेत, आणि सकाळी ताप उतरला की चौघांनीही यशाचे दावे दाखल करावयास पाहिजेत, ही आपली परंपरा. नानांच्या वहीत ‘केलेली कृती’ या रकान्यात त्या संध्याकाळी ज्या नोंदी झाल्या त्यांतली एक अशी होती: ‘चार्जर काढला, यंत्र पंख्याखाली ठेवले, प्रिंटर सोडविला, चार्जर लावला.’ परिणामाच्या रकान्यात ‘निळा’ आणि शेऱ्यात, नानांच्या वळणदार अक्षरांत, ‘कशामुळे ते सांगता येत नाही.’

सांत्वनास आलेल्यांत एक सभासद असे होते की ज्यांचा देखभालखर्च कैक तिमाह्या थकलेला आहे. एरवी मी दिसताच जिना बदलणारे हे गृहस्थ त्या दिवशी आपण होऊन आले, माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि हिशेबाचे सगळे कायमचे गेले काय, दुसरी प्रत कोठेच नाही काय, असे इतक्या हळवेपणाने विचारू लागले की त्यांना खरे सांगणे माझ्या जिवावर आले.

हे सारे केवळ आमच्याच आळीत घडते असे समजून कोणी आम्हांस हसू नये. २० एप्रिल १९९८ रोजी शिकागोच्या प्रदर्शनात विंडोज ९८ चे गुणगान भर सभेत चालू असता, स्कॅनर जोडताक्षणी बिल गेट्स यांच्या डोळ्यांदेखत पडदा निळा झाला होता; सभागृह हसले, आणि हे उत्पादन अद्याप बाजारात का आणले नाही त्याचे कारण हेच असावे, अशा आशयाचे बोलून गेट्स यांनी वेळ मारून नेली. त्याहून मोठा मासला शुक्रवार, १९ जुलै २०२४ चा. क्राउडस्ट्राइक या अमेरिकी कंपनीने संगणकांच्या संरक्षणार्थ एक नवी फाइल जगभर रवाना केली, आणि ती पोहोचताच, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे, सुमारे ८५ लाख यंत्रे निळी पडली. पुन्हा सुरू करावीत तो पुन्हा निळी. ही फाइल ७८ मिनिटांत मागे घेण्यात आली, परंतु कचेरी उघडण्याच्याच वेळी कोसळणाऱ्या यंत्रास दुरुस्तीचा हुकूम तरी पोहोचावा कसा? भारतात एकट्या इंडिगोने जवळजवळ दोनशे उड्डाणे रद्द केली, आणि कित्येक विमानतळांवर प्रवाशांचे बोर्डिंग पास हाताने लिहून देण्यात आले. लोहगावचे नवे टर्मिनल वाहतुकीस खुले होऊन त्या दिवशी पुरता आठवडाही झाला नव्हता. हाताने लिहिलेल्या त्या पासांची छायाचित्रे वर्तमानपत्रांत पाहून नाना बराच वेळ प्रसन्न होते, आणि ‘अक्षर सुधारायला हवं,’ एवढाच शेरा त्यांनी मारला होता.

पुढे चौकशीत निष्पन्न झालेले कारण तर कोणाही कचेरीत शोभावे असे आहे. नव्या नमुन्यात एकवीस रकाने होते आणि माहिती पुरविणारा प्रोग्रॅम वीसच रकान्यांची माहिती देत होता. एकविसावा रकाना वाचावयास गेलेला तो प्रोग्रॅम मेमरीतल्या परक्या हद्दीत शिरला आणि मामलेदारांनी कामकाज तहकूब केले. यावर जगातल्या अत्यंत प्रगत विद्येने सुचविलेले उपाय दोन. एक, प्रत्येक यंत्रापाशी मनुष्याने स्वतः जावे, सेफ मोडमध्ये ते उघडावे आणि ती एक फाइल खोडावी. दुसरा मायक्रोसॉफ्टने आपल्या अझूर सेवेच्या ग्राहकांस कळविला: यंत्र पुन्हा सुरू करून पाहावे, न झाल्यास पुन्हा करावे, कित्येकांस तसे पंधरा वेळांपर्यंत करावे लागल्याचे वर्तमान आहे. ‘बंद करून चालू करा’ हा आमच्या सुभेदारसाहेबांचा मंत्र अशा रीतीने सातासमुद्रापार मान्यता पावलेला आहे. त्यात काही तथ्यही आहे. वीज गेली की मेमरी कोरी होते, आणि आदल्या बैठकीतला गोंधळ तिच्याबरोबर पुसला जातो. मात्र दोष डिस्कवर अथवा चिपेतच असेल तर तो पंधरा काय, पन्नास वेळांनीही पुसला जाणार नाही.

अखेरीस यंत्र धानोरी रस्त्यावरच्या एका दुकानात नेले. दुकान म्हणजे दोन रसवंतिगृहांच्या मधली बोळवजा जागा. आत एक तरुण, कपाळावर दिव्याचा पट्टा बांधून, कोणाच्या तरी मोबाइलाच्या पोटात डोकावत होता. मान वर न करता तो म्हणाला, ‘काय काय करून बघितलंत, काका?’ हा प्रश्न तो रोज विचारीत असावा आणि त्याला रोज ‘काही नाही’ असे खोटे उत्तर मिळत असावे. कारण मी नानांची वही पुढे करताच त्याने दिवा विझवून माझ्याकडे प्रथमच नीट पाहिले. वही त्याने शांतपणे वाचली. ‘लिहिलंय छान,’ तो म्हणाला, ‘पण एकेका ओळीत चार-चार कामं आहेत. असं नाही कळत.’ नानांच्या शेऱ्यास मिळालेला हा तांत्रिक दुजोरा मी मनात जपून ठेवला.

मग त्याने एक कोरा कागद घेतला, त्यावर लॅपटॉपाच्या पाठीचा चौकोन काढला आणि जो स्क्रू जेथून काढला तो कागदावर तेथेच ठेवीत गेला, कारण त्या स्क्रूंत लांब-आखूड असा भेद असतो आणि आखूडाच्या जागी लांब शिरला तर तो फलकास भोसकतो. झाकण उघडले. पंख्याच्या पात्यांवर राखाडी लव दाटली होती, आणि मेमरीच्या खाचेशेजारी, कोठल्याही आकृतीत न दाखविलेला, कुंकवाने लाल झालेला तांदळाचा एक दाणा पडला होता. १९४७ च्या सप्टेंबरात हार्वर्डच्या मार्क दोन या यंत्रात रिलेमध्ये अडकलेला एक पतंग सापडला आणि तेथल्या मंडळींनी तो चिकटपट्टीने नोंदवहीत डकवून ठेवला, हे प्रसिद्ध आहे. त्या वहीचा सांभाळ आज अमेरिकेतले राष्ट्रीय संग्रहालय करते. आमच्या अक्षतेस तो मान मिळाला नाही. त्या तरुणाने ती फुंकर मारून उडविली, कारण दोष तिचा नव्हता.

मेमरीच्या पट्ट्या दोन होत्या. त्याने एक काढून बाजूस ठेवली आणि यंत्र सुरू केले: निळे. ती बसवून दुसरी काढली: सुरू झाले. पुन्हा अदलाबदल केली, पुन्हा पाहिले. या सर्व काळात तो दुसऱ्या कशासही शिवला नाही, ना पंख्यास, ना डिस्केस, ना माझ्या सूचनांस. दोषी पट्टी उजेडात धरून त्याने मला तिची कड दाखविली. ओळीने बसविलेल्या सोनेरी दातांतले काही पावसाळी दमटपणाने काळवंडले होते. तेवढ्यामुळे मेमरीत ठेवलेला आकडा परत येताना बदलत होता, आणि मामलेदार बिचारे प्रामाणिकपणे तहकुबी पुकारीत होते. त्यावर त्या तरुणाने खणातून शाळकरी मुलाचे एक पांढरे खोडरबर काढले, ते त्या दातांवरून हलक्या हाताने एकाच दिशेने फिरविले, चुरा कुंचल्याने झटकला, पट्टी खट्कन आवाज येईपर्यंत खाचेत दाबली आणि कळ दाबली. टेबल दिसले, फायली दिसल्या, वाहनतळाचा खांब दिसला. ज्या शहराने अमेरिकेने महासंगणक नाकारल्यानंतर १९८८ साली सी-डॅक स्थापन होताना पाहिली आणि १९९१ साली परम ८००० उभा करून दाखविला, त्या शहरात आजही संगणकाचे निम्मे आजार खोडरबराने बरे होतात, यात मला अभिमान वाटावा की संकोच, हे मी अद्याप ठरविलेले नाही.

‘मेमरी झाली,’ तो तरुण स्क्रू परत बसवीत म्हणाला, ‘पण काका, डिस्क आता थकलीय. आज घरी गेल्या-गेल्या सगळं दुसरीकडे उतरवून घ्या. पट्टी नवी मिळते, डिस्कही मिळते. तुमचे हिशेब मी कुठून देणार?’ आठवड्याभरात ऐकलेल्या सल्ल्यांत हा एकच सल्ला असा होता की जो ऐकताना कोणीही मध्ये बोलले नाही.

संस्थेत परतल्यावर यशाच्या श्रेयाची वाटणी झाली. सुभेदारसाहेबांच्या मते विद्युद्भार उतरविला होता म्हणूनच पट्टी जिवंत राहिली. काकूंच्या मते त्यांनी आधी थंड केले नसते तर खोडरबर काय कामाचे. चिरंजीवांनी आपण मेमरीचे नाव घेतल्याचे स्मरण करून दिले, जे कोणालाही स्मरत नव्हते. नानांनी वही उघडली, शेवटच्या ओळीत ‘एक पट्टी काढली’ एवढीच कृती, ‘सुरू’ एवढाच परिणाम लिहिला, आणि शेऱ्याचा रकाना प्रथमच कोरा ठेवला. नोटीस मुदतीत निघाली, सभा भरली, आणि थकबाकीदारांची यादी, तिची विचारपूस करणाऱ्या गृहस्थांच्या उपस्थितीत, पहिल्या नावापासून शेवटच्या नावापर्यंत वाचण्यात आली.

वाचकांस माझी विनंती एवढीच. आपले यंत्र दारातच अडखळू लागले तर सल्ला देण्यास येणाऱ्यांस चहा अवश्य द्यावा, परंतु कळ एकाच्याच हाती ठेवावी. जे कराल ते एकेक करावे आणि लिहून ठेवावे. कोणते अक्षर, कोणता संकेत पडद्यावर उमटला त्याचे छायाचित्र मोबाइलवर घ्यावे, कारण दुरुस्त करणारास आपल्या वर्णनापेक्षा त्याचा उपयोग अधिक होतो. आणि हे सर्व करण्याची वेळ येण्याआधी, म्हणजे यंत्र आज्ञाधारकपणे चालत असतानाच, महत्त्वाच्या दप्तराच्या तीन प्रती कराव्यात: दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर आणि त्यांतली एक घराबाहेर. हे काम रविवारावर ढकलू नये, आजच करावे. उद्या सकाळी यंत्र सुरू होईलच याची हमी परम ८००० उभारणाऱ्या या शहरातही कोणी देत नाही.